ओसीडी असलेला माणूस "मी जगायच्या लायकीचा नाही" म्हणाला, तर घरच्यांनी काय करायचं?

करीरोडची_ताई
माझा धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा आहे. त्याला ओसीडी आहे, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि ते शमवायला त्याच त्या गोष्टी करत राहण्याचा आजार. सतत हात धुण्याचा प्रकार नाही. त्याच्या डोक्यात विचार येतात आणि त्या विचारांची त्यालाच किळस येते. करी रोडच्या फलाटावर उभा असला की "समोरच्या माणसाला मी ढकललं तर?" असं मनात येतं. म्हणून तो भिंतीला पाठ टेकून, हात खिशात घालून उभा राहतो आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढे होत नाही. सकाळच्या गर्दीत तोवर दारात शिरायला जागाच उरत नाही. गाड्या सुटतात, उशीर होतो. फोर्टला ऑफिसात पोचला की आईला फोन येतो, "मी कोणाला ढकललं नाही ना गं?" आई लालबागला स्वयंपाकघरात असते, तिला काय ठाऊक? तरी ती म्हणते, "नाही रे राजा, तू कशाला कोणाला ढकलशील?" त्याला घटकाभर बरं वाटतं. मग पुन्हा फोन. देवघरासमोर उभा राहिला की शिव्या मनात येतात. गणपतीत आमच्याकडे अख्खी वस्ती रस्त्यावर असते, तेव्हा हा आतून कडी लावून बसतो.

निदान झालंय, गोळ्या चालू आहेत, थेरपीही चालू आहे. थेरपिस्ट म्हणाल्या की "ढकललं नाही ना" या प्रश्नाला घरच्यांनी उत्तर देत राहायचं नाही, दर उत्तराने आजार पक्का होतो. आम्ही दोघी कसोशीने ते पाळतोय.

गेल्या काही दिवसांत मात्र तो वेगळंच बोलायला लागलाय. "ज्याच्या डोक्यात असलं काही येतं त्याने जगूच नये. मी गेलो तर तुम्ही सुटाल." आई माझ्या तोंडाकडे बघते. यालाही उत्तर द्यायचं नाही का? हाही ओसीडीचाच एक प्रश्न धरून गप्प राहायचं? थेरपीची पुढची वेळ यायला अजून अवकाश आहे. ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

मनोविकार_ओपीडी
ताई, मी पालिकेच्या एका रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ आहे. आधी तातडीचं लिहितो, बाकीचं नंतर.

गप्प राहू नका. उत्तर न देण्याचा नियम शंकेसाठी आहे. "मी जगू नये" ही शंका नाही, ती वेदना आहे. तिच्याकडे पाठ फिरवायला कुठल्याही थेरपीत सांगत नाहीत. आजच, शांतपणे, दोघंच असताना सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं विचारू नका, कारण त्या प्रश्नात "नाही" हेच उत्तर आपण त्याच्या तोंडात घालतो. तो हो म्हणाला तर पुढचं विचारा. कधीपासून येतात, काही ठरवलं आहे का, काही तयारी केली आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. त्याने ठरवलं असेल किंवा तुम्हाला तशी शंका जरी आली, तरी त्याला एकटं सोडायचं नाही. घरातला गोळ्यांचा साठा आणि धोक्याच्या वस्तू तुमच्या ताब्यात घ्यायच्या, डॉक्टरांना फोन करायचा. ते मिळाले नाहीत तर थेट परळच्या केईएम रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं, तुम्हाला तेच जवळ आहे. तिथे रात्री-अपरात्री केव्हाही जाता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन त्यानेच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.

आणि थेरपीच्या पुढच्या तारखेसाठी थांबू नका. थेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही आजच हे त्याच्या शब्दांत कळवा.

करीरोडची_ताई
आज रात्री विचारते. आई म्हणतेय, घरात असलं अभद्र बोलू नये, नसलेलं त्याच्या डोक्यात भरायचं.

मनोविकार_ओपीडी
ही भीती जवळपास प्रत्येक आईच्या तोंडून ऐकतो. यावर बऱ्याच देशांत अभ्यास झालेत आणि विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढतात असं त्यांत आढळलेलं नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. आईंना सांगा की अभद्र ते तो एकटा आधीच स्वतःशी बोलतोय, आपण फक्त त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहोत.

बोरीवली_स्लो
ताई, मी तुमच्या भावाच्या जागी होतो, म्हणून आतून कसं असतं ते लिहितो. मला हा आजार कॉलेजात असताना सुरू झाला. बहिणीला मुलगी झाली, तिला मांडीवर घेतलं आणि मनात आलं, "हिला मी काही इजा केली तर?" अंगावर काटा आला. त्यानंतर किती तरी महिने मी भाचीला उचललं नाही. ती ज्या खोलीत असेल त्या खोलीत सुरी दिसली तरी मी बाहेर पडायचो. बहिणीला वाटलं मला भाचीचं कौतुक नाही. खरं कारण तिला सांगणार कसं?

बाहेरच्यांना वाटतं, आम्हाला विचारांचा त्रास होतो. पण जीव घेतो तो विचारावर आपण स्वतःच दिलेला निकाल. आधी विचार येतो. मग वाटतं, आला म्हणजे आत कुठेतरी मला तेच हवं असणार. मग वाटतं, ज्याला हे हवंसं वाटतं तो राक्षस. आणि मग शेवटचं, राक्षसाला जगायचा काय अधिकार? हे सगळं काही सेकंदांत होतं आणि दिवसभर पुन्हा पुन्हा होतं. लोकांनी चांगलं म्हटलं की आणखी वाईट वाटायचं, कारण "यांना खरं कळलं तर?" तुमचा भाऊ "तुम्ही सुटाल" म्हणतो ना, तेव्हा तो तुम्हाला धमकी देत नाही. त्याला मनापासून वाटतंय की तुमच्या घरात एक धोकादायक माणूस राहतो आणि तो माणूस आपणच आहोत.

त्याचं प्रेम जितकं जास्त, तितका विचार घाणेरडा वाटतो. ज्याला लोकांच्या जिवाची पर्वा नाही तो फलाटावर भिंतीला चिकटून कशाला उभा राहील?

मनोविकार_ओपीडी
वर जे लिहिलंय त्याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ साली ओसीडी नसलेल्या साध्या लोकांना त्यांच्या नकोशा विचारांबद्दल विचारलं. कोणाला तरी ढकलावं, भलत्या जागी भलतं ओरडावं, लहान मुलाला इजा करावी, हेच सगळं बहुसंख्य लोकांच्या मनातही येऊन जातं असं निघालं. मजकूर तोच. फरक इतकाच की बाकीचे लोक "काय पण सुचतं" म्हणून पुढची गाडी पकडतात.

ओसीडीत माणूस तिथे थांबतो, कारण त्याच्या विचार करण्याच्या पद्धतीत काही ठरावीक वळणं पक्की झालेली असतात. १९८५ मध्ये पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी त्यातलं एक मांडलं, ते म्हणजे फुगवलेली जबाबदारी. काही वाईट घडण्याची लाखात एक शक्यता मला सुचली आणि मी ती टाळली नाही, तर दोष पूर्णपणे माझा. दुसरं वळण विचार आणि कृती एकच मानण्याचं. त्याचे दोन पदर आहेत. वाईट विचार करणं हे वाईट वागण्याइतकंच पाप आहे, हा एक. आणि विचार आला म्हणजे तसं घडण्याची शक्यता वाढली, हा दुसरा. देवघरासमोर शिव्या आठवणाऱ्या मुलाला पहिला पदर छळतो, फलाटावर उभ्या मुलाला दोन्ही. याशिवाय शंभर टक्के खात्री हवी हा हट्ट असतो, आणि मनावर आपला पूर्ण ताबा असलाच पाहिजे ही समजूत असते. तो ताबा कोणाचाच नसतो. १९८७ साली अमेरिकेतल्या डॅनियल वेगनर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर जास्तच आलं.

थेरपीत आम्ही विचार घालवायला शिकवत नाही ते यासाठीच. विचार असू दे, निकाल देऊ नकोस, खात्री करून घेऊ नकोस आणि ज्याला घाबरतोस तिथे हळूहळू जा. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मायर यांनी या रीतीने दोन रुग्णांवर उपचार केले, आजची ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण खात्री करणं, धुणं अशा कृती टाळायच्या ही थेरपी, त्यातूनच आली. मात्र आत्महत्येचे विचार बळावलेले असतील तर आधी सुरक्षितता, मग ईआरपीचा वेग. हे दोन्ही जुळवणं तज्ज्ञांचं काम आहे.

गोरेगावकर_काका
सर्वांची क्षमा मागून एक विचारतो. आमच्या आजीचं सोवळं फार कडक होतं. ओल्या वस्त्राने स्वयंपाक, कोणी शिवलं की पुन्हा स्नान. ती नव्वदीपर्यंत ठणठणीत होती. तेव्हा अशा गोष्टींना आजार म्हणत नसत. मुलाला रामरक्षा म्हणायला लावावी, मन गुंतवावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बोरीवली_स्लो
काका, रामरक्षा मला तोंडपाठ आहे. आजार जोरात असताना एखादा शब्द नीट उच्चारला गेला नाही असं वाटलं की मी पहिल्यापासून सुरू करायचो, नाहीतर भाचीला काहीतरी होईल. रात्री दोन-दोन वाजायचे. शेवटी रामरक्षेचीच भीती बसली.

मनोविकार_ओपीडी
काका, आजींना सोवळं त्रास देत नव्हतं. ते त्यांना आपलं वाटत होतं, स्वयंपाक झाला की संपत होतं, आणि त्यामागे सगळ्या घराची रीत होती. ओसीडीतल्या माणसाला आपलं वागणं अतिरेकी आहे हे बहुधा कळत असतं आणि तरी थांबता येत नाही. म्हणून श्रद्धा सोडा असं आम्ही कोणाला सांगत नाही. स्तोत्र म्हटल्यावर मन निवतं की "चुकलं तर काय" या धाकाने ते म्हणावं लागतं, एवढं बघा. धाक असेल तर ते स्तोत्र आजाराने ताब्यात घेतलेलं आहे.

गोरेगावकर_काका
समजलं. माझ्या एका नात्यातल्या मुलीला हेच होत असावं. तिच्या वडिलांशी बोलतो.

शिवडी_खाडी
मी मोठा भाऊ गमावला आहे. तपशिलात जाणार नाही. त्याला ओसीडी होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या हात धुण्यावर नातेवाईक बोलायचे, एका दवाखान्यात तर तेवढ्यावरच बोलून पुढची तारीख मिळायची. तो जेवेनासा झाला होता, मित्रांचे फोन उचलत नव्हता, पहाटे उठून बसायचा. ते नैराश्य होतं आणि तो वेगळा आजार होता, त्यावर वेगळे उपचार होते. एकाच कारणाने कोणी जात नाही हे आता मला कळतं. तरी ताई, तुमच्या भावाची झोप, भूक, मित्र, पगाराच्या दिवशी घरी काहीतरी घेऊन यायची सवय, जे काही त्याचं असेल ते बदललंय का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओसीडीच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही.

आकडेवारी_वाचक
पूर्वी असं मानलं जायचं की ओसीडीतली माणसं मुळातच इतकी सावध असतात की त्यांना आत्महत्येचा धोका नाही. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला आणि हा समज मोडला. त्यात ओसीडीचे ३६,७८८ रुग्ण होते. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात आत्महत्येने मृत्यूचा धोका सुमारे दहापट आणि प्रयत्नाचा सुमारे पाचपट निघाला. नैराश्यासारखे सोबतचे आजार हिशेबात घेतल्यावर तो कमी झाला, पण उरलाच. पूर्वी प्रयत्न केलेला असणं हा सगळ्यात ठळक इशारा होता.

करीरोडची_ताई
दहापट वाचून पोटात गोळा आला.

आकडेवारी_वाचक
ताई, त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मी आधीच लिहायला हवी होती. त्या ३६,७८८ जणांपैकी आत्महत्येने गेलेले ५४५. म्हणजे शंभरात दीड, तेही काही दशकांच्या नोंदींत. दहापट ही तुलना आहे. तुमच्या भावाचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी "ओसीडीच तर आहे" म्हणून हा प्रश्न टाळू नये, यासाठी तो आकडा उपयोगी आहे.

डोंबिवली_केमिस्ट
गोळ्यांबद्दल थोडं. भावाचा डोस अलीकडे वाढवला किंवा बदलला आहे का? ओसीडीला सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्राम या गटातली औषधं देतात. नैराश्यापेक्षा डोस बहुधा जास्त लागतो आणि पुरता फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जाऊ शकतात. लोक तिसऱ्या आठवड्यात दुकानात येऊन म्हणतात, काही उपयोग नाही, बंद केली. असं परस्पर बंद करू नये. मात्र पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर काही जणांची तगमग वाढते, आत्महत्येचे विचारही वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी तसा इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. अशा वेळी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं नाही. निर्णय त्यांचा.

करीरोडची_ताई
हो, डोस नुकताच वाढवलाय! हे आम्हाला जोडून बघायचं सुचलंच नव्हतं. उद्या सकाळीच फोन करते.

ड्रमभर_पाणी
विक्रोळीला राहतो. मुलगी बारावीला असताना तिला धुण्याचा ओसीडी झाला. आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि तेच दिवसभर पुरवायचं असतं. ती ड्रम रिकामा करायची, मग बायको शेजाऱ्यांकडे बादली मागायला जायची. बाहेरून आलं की आम्ही सगळ्यांनी दारातच कपडे बदलायचे, भाजी तीन पाण्यांनी धुवायची. दोन खोल्यांच्या घरात एकाचा आजार सगळ्यांना पाळावा लागतो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही प्रेमापोटी करता, पण तुम्ही जितकं कराल तितकं तिचं जग आक्रसत जाईल.

कमी करायला लागलो तेव्हा तीही म्हणाली होती, "मी तुम्हाला नकोशी झालेय." तुमच्या आईची जी अवस्था आहे ती मी ओळखतो. आम्हाला शिकवलेलं एक वाक्य फार कामाला आलं, "हा प्रश्न आजाराचा आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथेच तुझ्याजवळ बसतो." पहिला अर्धा भाग म्हणणं सोपं आहे. पुष्कळ घरांत दुसरा अर्धा राहून जातो आणि पोरांना वाटतं, आपल्याला टाकलं. काय कमी करायचं ते तिच्यासोबत बसून ठरवलं, अचानक काही बंद केलं नाही. मरणाची भाषा आली की मात्र नियम बाजूला, आधी जवळ घ्यायचं, विचारायचं, डॉक्टरांना सांगायचं.

परळ_नवी_सदस्य
एक शंका. असं काही झालं आणि रुग्णालयात नेलं तर पोलीस केस होते ना? आमच्या चाळीत लोक याच भीतीने लपवतात.

मनोविकार_ओपीडी
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं असतं आणि तिच्यावर खटला भरायचा नसतो. तिला उपचार आणि पुनर्वसन मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, नोंद होते, जबाब घेतला जातो. तेवढ्यासाठी उपचार लांबवू नका. आणि नुसते विचार येतात म्हणून दाखवायला आणलं, तर त्यात पोलिसांचा काही संबंधच नाही.

करीरोडची_ताई
काल रात्री विचारलं. गच्चीवर नेलं होतं, घरात आईसमोर तो बोलला नसता. सरळ तुमच्याच शब्दांत विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "दोन प्रकारचं येतं." एक म्हणजे "मी स्वतःला काही केलं तर?" ही भीती, जशी ढकलण्याची वाटते तशीच. ती आली की तो घाबरतो, माणसांत येऊन बसतो. दुसरं रात्री येतं आणि त्यात भीती नसते. त्यात वाटतं, सगळं थांबलं तर किती बरं. काही ठरवलेलं नाही म्हणाला, आधी कधी प्रयत्नही नाही. शेवटी म्हणाला, "ताई, तू विचारशील असं वाटलं नव्हतं."

सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आजच बोलावलं. डोसचं त्यांनी लगेच विचारलं. गोळ्या आता आठवड्यापुरत्याच आणायच्या आणि माझ्याकडे ठेवायच्या असं ठरलं. थेरपिस्टही फोनवर होत्या. भावाच्याच अक्षरात एक कागद केलाय. त्यात त्याचा त्रास वाढल्याच्या खुणा आहेत: जेवण टाळणं, लाइट बंद करून पडून राहणं, "सुटाल" हा शब्द. मग तो काय करणार, कोणाला आधी फोन करणार, मी उचलला नाही तर कोणाला, शेवटी १४४१६ आणि केईएम. आईने दोन वेळा वाचला आणि म्हणाली, माझं नाव ताईच्या वर घाल, मी घरीच असते.

मनोविकार_ओपीडी
खूप चांगलं झालं. भावाने केलेला तो फरक फार मोलाचा आहे. स्वतःला इजा करण्याचा विचार भीती म्हणून येतो तेव्हा माणूस त्यापासून पळतो. तो सुटका म्हणून येतो तेव्हा त्याकडे ओढला जातो. पण वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती, ही विभागणी करून घरी निष्कर्ष काढू नका. दोन्ही एकाच माणसात, एकाच रात्री असू शकतात, हे तुम्ही आत्ताच वाचलंत. शंका असेल तर धोका आहे असं धरून तज्ज्ञांकडे न्यायचं.

बोरीवली_स्लो
ताई, पुढचं थोडं सांगतो. माझा आजार मोजायचे तो तक्ता ० ते ४० गुणांचा असतो. माझे गुण चांगले उतरले तेव्हा सगळे खूश झाले. मी नव्हतो. कारण "विचार पूर्ण गेले की मग जगायला लागू" असं ठरवून मी आयुष्य थांबवून ठेवलं होतं. लग्नकार्यांना जात नव्हतो, नोकरी बदलायची संधी सोडली होती. थेरपिस्टने विचारलं, आजार नसता तर येत्या रविवारी काय केलं असतं? म्हटलं, भाचीला घेऊन नॅशनल पार्कात गेलो असतो. ते म्हणाले, मग विचार सोबत घेऊन जा. गेलो. विचार आले, दिवसभर आले. भाचीला हरणं दिसली, मला तिची बडबड ऐकू आली. गुण उतरणं आणि बरं जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींवर वेगळं काम करावं लागतं. भावाला विचारा, आजाराने त्याचं काय काय अडवलंय. त्यातलं एखादं छोटं काही थेरपिस्टला विचारून आत्ताच सुरू करा.

करीरोडची_ताई
तो पूर्वी आमच्या इथल्या ढोल-ताशा पथकात होता. विचारते.

शिवडी_खाडी
ताई, मधल्या दिवसांत तुम्हीही कोणाशी तरी बोलत राहा. टेलिमानसवर घरच्यांसाठीही बोलता येतं.

निनावी_वाचक_२
पूर्ण धागा वाचला. मला असेच विचार येतात, जे इथेही लिहू शकत नाही. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मरावं असंही वाटतं कधी कधी. पालिकेच्या रुग्णालयात गेलो तर खिडकीवर काय सांगायचं? रांगेत सगळ्यांसमोर हे बोलता येणार नाही. आणि डॉक्टरांनी विचार ऐकून पोलिसांना बोलावलं तर?

मनोविकार_ओपीडी
लिहिलंत हे फार बरं केलंत. आत्ता या क्षणी जीव द्यावासा वाटत असेल तर ओपीडीची वाट बघू नका, १४४१६ लावा, घरातल्या एका माणसाला उठवा किंवा सरळ जवळच्या अपघात विभागात जा.

तसं नसेल तर उद्या सकाळी लवकर जा, केसपेपर सकाळीच निघतात. खिडकीवर एवढंच म्हणायचं, "मानसोपचार विभागाचा केसपेपर द्या." कारण सांगायची गरज नाही. आत डॉक्टरांसमोर गेल्यावर म्हणा, "मला नको असलेले विचार येतात, त्यांची मला भीती आणि लाज वाटते, आणि कधी कधी मरावंसं वाटतं." या तीन गोष्टी पुरेशा आहेत. विचारांचा मजकूर पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे असं नाही, आणि सांगितलात तरी आम्ही दचकत नाही. ढकलण्याचे, मुलांबद्दलचे, देवाबद्दलचे, लैंगिक, सगळ्या प्रकारचे विचार घेऊन माणसं येतात. नकोसा विचार येणं हा गुन्हा नाही, त्यासाठी कोणी पोलिसांना बोलावत नाही. तोंडातून शब्द फुटत नसतील तर कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे करा. डॉक्टर वाचतील आणि पुढचे प्रश्न तेच विचारतील.

निनावी_वाचक_२
कागद चालेल हे माहीत नव्हतं. लिहितोय. सायन जवळ पडतं, उद्या तिथे जातो. मावसभावाला सोबत येशील का विचारलंय, काय झालंय ते न सांगता. तो हो म्हणाला.

मनोविकार_ओपीडी
उत्तम. मावसभावाला बाहेर बसायला सांगितलंत तरी चालेल. जाऊन आलात की इथे एक ओळ टाका.